नव्याचे चार पाहुणे

आमचे आजोबा परशुराम यांना सुप्याच्या पेठेत मोठा मान होता. त्यांच्या वडिलांनी खानापूरकडून येऊन इथं किराणा मांडला आणि आजोबा बेळगावला जाऊन चार इयत्ता इंग्रजी शिकून आले. त्या काळात एवढ्या भांडवलावर माणूस पंडित ठरायचा. ऐंशी उलटल्यावर, मी चांगला तिशीचा झालेला असताना, एका दुपारी त्यांनी मला झिलूची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाले, "लिहायची तर लिही, पण मी गेल्यावर." ते गेले, आणि मी लिहितो आहे. गोष्ट झिलूची आहे. आजोबांना वगळून ती सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यांना वगळायचंही नाही. मला त्यांचा राग आहे.

झिलू वेळीप शेवाळीचा. शेवाळी म्हणजे सुप्यापासून चार कोसांवर, कॅसलरॉकच्या आडवाटेला, रानात दडलेली अकरा घरांची कुणब्यांची वाडी. झिलू ठेंगणा, पावलं रुंद, आणि तोंड सतत चालू. मध, शिकेकाई, काकड्या घेऊन तो सुप्याला आजोबांच्या दुकानी यायचा, मीठ आणि गूळ घेऊन जायचा आणि दोन्हीच्या मध्ये तासभर गप्पा मारायचा. आजोबांपेक्षा दोन वर्षांनी मोठा असून त्यांना 'परशूअण्णा' म्हणायचा आणि वर अरेतुरेही करायचा. त्याला डोंगरातल्या इतक्या वाटा ठाऊक होत्या, की फॉरेस्ट गार्डसुद्धा रानात वाट चुकले की त्याला हाका मारत.

त्याला एकच खोड होती. दारात आलेल्याला खायला घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. शेवाळीत म्हणत, वाघ आला तरी झिलू आधी विचारील, पेज घेतोस काय. त्याची बायको फुला यावर चिडायची, कारण पेज तिला करावी लागे.

आता कुमरीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. शेवाळीची भातखाचरं ओढ्याकाठी, बोटांवर मोजण्याइतकी. त्यावर अकरा घरं पोटभर जेवणं शक्य नव्हतं. वर्षाचं खरं पोट भरायचं ते डोंगरउतारावरच्या नाचणीवर. उतारावरचं रान तोडायचं, वाळलं की पेटवायचं, पहिल्या पावसाआधी राखेत नाचणी फेकायची, दोन वर्षं पीक घ्यायचं आणि मग ती जागा पुन्हा रानाला देऊन दुसरीकडे वळायचं. ही कुमरी. वाडवडलांपासून असंच चाललं होतं. सरकारने कुमरीला बंदी केली आणि शेवाळीकरांनी बंदीला मान डोलावून कुमरी डोंगराच्या पाठच्या अंगाला नेली. खालून कुणाला दिसत नसे. दोन उभ्या कातळांच्या फटीतून शिरलं तरच तिकडे जाता येई, आणि ती फट शेवाळीबाहेरच्या माणसाला दाखवायची नाही असा वाडीचा दंडक होता. ज्याने आपल्या घरचं नवं खाल्लं असेल, त्याला मात्र दाखवायला हरकत नव्हती.

नवं म्हणजे पहिल्या कणसांचा घास. कुमरीत नाचणी पिकू लागली की पहिली चार कणसं आणायची, भाजून गुळाखोबऱ्यात मळायची, पानावर देवापुढे ठेवायची आणि घरधन्याने आपल्या हाताने एकेकाला द्यायची. घास गिळला की उठून चुलीच्या दगडाला हात लावायचा. ज्याने हे केलं तो त्या घरचा. मग त्या घरचं गुपित त्याचं गुपित, त्या घरचा घात तो करणार नाही. आजवर कुणी केला नव्हता, म्हणून करील असं कुणाच्या मनातही येत नसे. आजोबा दर वर्षी झिलूकडे नवं खायला जायचे. त्यांनी कुमरी कितीदा तरी पाहिली होती.

१९११ सालची दिवाळी होऊन गेल्यावर सुप्यात चार गोरे पाहुणे आले, तेही सायकलींवर. विलायतेतल्या कुठल्याशा सायकल मंडळाची ही माणसं. बोटीने कारवारला उतरली आणि घाट चढून इथवर आली. पुढाकार मॉर्टन नावाच्या साहेबाचा, पन्नाशीकडे झुकलेला, तांबूस दाढीचा. बरोबर त्याची बहीण आणि दोन तरणे गडी. परक्या मुलखातले डोंगर सायकलीवरून पालथे घालायचे आणि घरी जाऊन त्यावर लिहायचं, हा त्यांचा उद्योग. पोटापाण्याची ददात नसली की माणसाला काय काय सुचतं. त्यांना कॅसलरॉकला जाऊन धारवाडची आगगाडी धरायची होती, पण गाडीरस्त्याने नाही, डोंगरातल्या वाटेने. मामलेदाराने दुभाषी म्हणून आजोबांना गाठलं आणि आजोबांनी वाटाड्या म्हणून झिलूला.

झिलूने सायकल आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. चारी बाजूंनी फिरून बघितली आणि विचारलं, "अण्णा, गाडी हाय तर बैल कुठं हाय?"

"बैल नाही. वर बसतो तोच बैल," आजोबा म्हणाले. झिलू इतका हसला की साहेबाने काय झालं म्हणून विचारलं. आजोबांनी भाषांतर केलं तेव्हा साहेब झिलूच्या वरताण हसला. दोघांची गट्टी तिथेच जमली.

पहिला कोस बरा गेला. मग ओढे लागले, चढ लागला, मुळ्या लागल्या. दुपारपर्यंत चारी सायकली झिलूच्या आणि शेवाळीच्या तिघा गड्यांच्या डोक्यावर होत्या आणि साहेबलोक मागून धापा टाकत पायी येत होते. झिलू वळून वळून म्हणायचा, "ही गाडी मानसाला न्हेती म्हनं. हितं मानूसच गाडीला न्हेतंय." मॉर्टनला मात्र मजा वाटत होती. त्याच्याकडे जाड वही होती. कुठे झाड दिसलं, पाणी दिसलं, की तो बसून रेघा ओढायचा. झिलूला प्रत्येक टेकडीचं नाव विचारायचा आणि लिहून घ्यायचा. एवढ्या अगत्याने झिलूला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. घरातही त्याला कुणी विचारत नसे, फुला तर मुळीच नाही.

संध्याकाळच्या आत ते शेवाळीला पोचले. मॉर्टनचा पाय मुरगळला होता, आणि शेवटचा अर्धा कोस झिलूने डोक्यावरची सायकल एका तरण्या साहेबाकडे देऊन त्याला पाठीवर आणलं होतं. आणि त्याच दिवशी झिलूच्या घरी नवं होतं.

फुलाने नवऱ्याला मागच्या दारी बोलावलं. "अवो, त्यास्नी भाकर घाला, दूध घाला. नवं घालू नगा."

"दारात मानूस बसलाय आनि घरात नवं हाय. मी त्याला वगळून खाऊ व्हय?"

"त्यो आपला न्हवं."

"खाल्लं की हुईल की."

वाडीचा कारभारी, म्हणजे बुधवंत, नागू नावाचा म्हातारा होता. तोही अंगणात येऊन झिलूला म्हणाला, "झिलू, तोंड हलवलं म्हंजी नवं खाल्लं असं न्हाई. त्याला त्याचा अर्थ ठावं हाय काय?"

"परशूअण्णा समजावून सांगंल की," झिलू म्हणाला.

परशूअण्णांनी काय समजावलं? ते साहेबाला म्हणाले, हा इथला सुगीचा सण आहे, प्रसाद घ्या. इतकंच. आजोबांच्या मते एवढं पुरे होतं. चार गोरे देवापुढे मांडी घालून, अवघडून, बसले. झिलूने एकेकाच्या हातावर घास ठेवला. मॉर्टनने खाल्ला, डोळे मिटून मान डोलावली, आणि आजोबांनी सांगितल्याप्रमाणे लंगडत जाऊन चुलीच्या दगडाला दोन्ही हात लावले. बाईनेही लावले आणि फुलाच्या गळ्यातल्या मण्यांना हात लावून काहीतरी गोड बोलली. पाचवा घास आजोबांचा. तो त्यांनी नेहमीसारखाच खाल्ला.

झिलू त्या रात्री काय खुशीत होता. त्याच्या घरच्या माणसांत विलायतेतली चार वाढली होती.

सकाळी मॉर्टनने विचारलं, खाली तर एवढीशी भातशेती दिसते, मग ही नाचणी येते कुठून? आजोबांनी प्रश्न झिलूला सांगितला. झिलू उठलाच. "चल, दावतो. आता त्यो घरचा हाय." तिघेच निघाले, झिलू, आजोबा आणि काठी टेकत मॉर्टन. कातळांच्या फटीतून पलीकडे गेले. पुढे सगळा उतार पिकलेला. नाचणीची कणसं तांबूस झाली होती, मधेमधे काकड्यांचे वेल, कोहळे, मचाण. आठ-दहा दिवसांत कापणीला येणार होतं. मॉर्टन दगडावर बसला आणि त्याने वही उघडली. आधी त्याने झिलूला कणसांत उभं करून त्याचं चित्र काढलं, हातात कोयती, डोक्याला मुंडासं, हुबेहूब. मग त्याच पानावर झिलूच्या पायांपर्यंत येणारी वाट काढली. ओढा, आंब्याचं जुनं झाड, दोन कातळ, फट, उतार.

चित्र काढता काढता तो आजोबांशी बोलत होता. धारवाडला त्याचा शाळासोबती जंगल खात्यात मोठा अंमलदार आहे, त्याच्याकडे ही मंडळी आठवडाभर उतरणार आहेत. या भागाचा सरकारी नकाशा अगदी कोरा आहे, हे पान बघून तो खूश होईल. आणि हो, परशुराम, तुझ्यासारखा इंग्रजी जाणणारा माणूस इथल्या लाकडांच्या डेपोत हवाच. मी त्याच्याशी बोलेन तुझ्याबद्दल.

"काय म्हंतोय?" झिलूने विचारलं.

आजोबा म्हणाले, "जागा छान आहे म्हणतो."

"त्याला सांग अण्णा, ही जागा आमच्या पोटाची हाय. कुठं बोलायचं न्हाई, कुनाला दावायचं न्हाई. सरकारला तर न्हाईच न्हाई. घरचा म्हनून दावली. शब्द दे म्हनावं."

आजोबांनी तोंड उघडलं. मला सांगताना ते म्हणाले, वाक्य इंग्रजीत जुळवूनही झालं होतं. पण ते बोललं की ही कुमरी चोरटी आहे हे साहेबाला कळणार, आणि परशुरामलाही ती ठाऊक होती हेही कळणार. मग कसली डेपोतली नोकरी? ते मॉर्टनला म्हणाले, "तो म्हणतो, तुम्ही आलात याचा त्याला फार आनंद झाला."

मॉर्टन उठला आणि त्याने झिलूचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

"दिला नव्हं शब्द?" झिलूने विचारलं.

"दिला," आजोबा म्हणाले.

चौघे पाहुणे दुपारी कॅसलरॉकला गेले. झिलूने मॉर्टनला पाठीवर घेऊन शेवटचा ओढा पार केला आणि परत आल्यावर दोन दिवस तो वाडीत त्याच्याच गोष्टी सांगत होता.

नवव्या दिवशी गार्ड आले. बारा माणसं आणि एक अंमलदार. वाट विचारायला ते वाडीत थांबलेसुद्धा नाहीत. ओढ्याने वर, आंब्याकडून डावीकडे, सरळ फटीत शिरले. शेवाळीकर धावत पोचले तेव्हा अर्धी नाचणी कापून ढीग घातले होते. मग उरलेली कापली. मग ढीग पेटवले. शेवाळीची माणसं उतारावर उभी राहून आपलं वर्षाचं अन्न जळताना बघत होती. ओली-सुकी नाचणी धुमसत राहते, लवकर संपत नाही. दिवसभर धूर होता.

नागू बुधवंत अंमलदारापुढे गेला. "सायब, वाट कुनी दावली?"

अंमलदाराने कागद पुढे केला. त्यावर वाट होती आणि वाटेच्या टोकाला कणसांत उभा झिलू, हातात कोयती, डोक्याला मुंडासं. "तुमच्याच माणसानं दाखवली," तो म्हणाला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. सगळ्यांनी कागद बघितला आणि मग झिलूकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी देवाच्या दगडापाशी वाडी बसली. झिलूने काही लपवलं नाही. "मी दावली," तो म्हणाला. "नवं खाल्लेल्या मानसाला दावली. त्यानं शब्द दिला हुता."

"शब्द दिला हे कुनी ऐकलं?" नागूने विचारलं.

"परशूअण्णानं."

नागू कठोर होता, पण अन्यायी नव्हता. तो म्हणाला, "मग त्याला आन. ह्या दगडावर हात ठिवून त्यानं म्हनावं, सायबानं शब्द दिला हुता. तसं झालं तर सायब खोटा, तू न्हवंस. तवर तुझी चूल गावाभाईर."

चूल गावाबाहेर म्हणजे झिलूच्या घरात कुणाच्या घरचा विस्तव येणार नाही, त्याचा विस्तव कुणी नेणार नाही. पुढच्या कुमरीत वाटा नाही. नव्याला कुणी बोलावणार नाही, आणि त्याने दिलेलं नवं कुणी खाणार नाही. त्याची मुलगी पारू तेव्हा नऊ वर्षांची होती. अशा घरची मुलगी कुणी करत नाही.

फुला त्या दिवशी त्याला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं झिलू आजोबांना म्हणाला.

हो, तो तिसऱ्याच दिवशी दुकानात आला होता. त्याला काडीचाही संशय नव्हता. "सायबानं घात केला अण्णा," तो म्हणाला, "चुलीला हात लावून घात केला. तू येऊन येवढं सांग, म्हंजी झालं."

आजोबा कात्रीत सापडले. साहेबाने शब्द दिला म्हणावं तर देवाच्या दगडावर खोटी शपथ, आणि आजोबा देवाला फार भ्यायचे. खरं सांगावं तर शब्द मागितलाच नव्हता हे बाहेर येणार. माणूस अशा वेळी काय करतो? पुढे ढकलतो. "मी सांगण्यापेक्षा साहेबानेच सांगितलेलं बरं," ते म्हणाले. "आपण त्याला पत्र लिहू. त्याच्या हातचा कागद नागूला वाचून दाखवू."

झिलूला ते फारच पटलं. दुकानातल्या गोणीवर बसून त्याने पत्र सांगितलं आणि आजोबांनी लिहिलं. मला आजोबांनी ते शब्द न् शब्द सांगितलं. "मार्टन सायबास झिलूचा रामराम. तुजा पाय बरा झाला काय. आमची कुमरी जाळली. तू असं करचील असं मला वाटत न्हाई, पन कागद तुजा हुता. काय झालं ते लिवून दे. तू आमच्या घरचा हाईस. फुलाला राग हाय, मला न्हाई. बहिनीस सांग."

ते पत्र आजोबांनी टपालात टाकलं नाही. कसं टाकणार? मॉर्टनचं उत्तर आलं असतं तर त्यात काय असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी त्यांना विचारलं, "फाडून तरी टाकायचं." ते म्हणाले, "फाडवेना." मला या उत्तराचा जास्त राग आला. टाकायचं नाही, फाडायचं नाही, आणि झिलू आला की म्हणायचं, विलायत लांब आहे, वेळ लागतो.

दोन महिन्यांनी आजोबा लाकडांच्या डेपोत मुकादम झाले. मॉर्टन बोलला होता तसं त्याने केलं. दुकान त्यांनी सोडलं नाही, सकाळी दुकान आणि मग डेपो. आणि कुमरी गेलेली शेवाळीची माणसं पोटासाठी त्याच डेपोत ओंडके ओढायला येऊ लागली. नागूचे दोन्ही मुलगे येत. झिलूही येई, पण वाडीची माणसं त्याच्याबरोबर एका ओंडक्याला हात लावत नसत. तो एकटा हलकी लाकडं ओढायचा. दुपारी बाकीचे आंब्याखाली जेवायचे, हा नदीकडे तोंड करून. बोलका माणूस, तासभर गप्पा मारणारा. आजोबा म्हणाले, हळूहळू तो सायकलींची गोष्टसुद्धा सांगेनासा झाला.

नव्याच्या दिवसांत मात्र तो न चुकता दुकानी यायचा. "आलं काय पत्र?" पहिल्या वर्षी आलं नाही. दुसऱ्या वर्षी आलं नाही. तिसऱ्या वर्षी विलायतेत लढाई लागली आणि आजोबांना आयतं निमित्त मिळालं. बोटी बुडताहेत, पत्रं कुठून येणार. झिलू म्हणाला, "मार्टन लढाईत गेला नसंल नव्हं? त्याचा पाय अधू हाय." आणि गेला.

चौथ्या वर्षी तो आला तो पत्राचं विचारायला नाही. पारू तेरा वर्षांची झाली होती. दिग्गीकडचं एक घर तयार होतं, मुलगा चांगला होता. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, औंदाच्या नव्याला वाडीने तुमच्या हातचा घास खाल्ला तर सोयरीक, नाहीतर नाही. "पत्राचं ऱ्हाऊ दे अण्णा," झिलू म्हणाला. "तू ये. परवा खाचरातल्या भाताचं नवं हाय, दिग्गीची मानसं बी येनार. दगडावर हात ठिव, दोन शब्द बोल. तुझ्याबिगर कोन हाय मला?"

आजोबांनी त्याचा हात हातात घेतला. "येतो," ते म्हणाले. "देवाशपथ येतो."

आणि त्यांनी ठरवलंही होतं. सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं, असं ते मला म्हणाले. सकाळी दुकान बंद केलं, धोतर बदललं, शेवाळीच्या वाटेवरच्या नदीपर्यंत गेले. नावेत माणसं बसत होती. त्यांत शेवाळीचे तिघे होते, डेपोतले. त्यांनी वाकून नमस्कार केला, सरकून जागा केली. "बसा मुकादम," म्हणाले. आजोबा काठावर उभे राहिले. या माणसांपुढे आता आपण बोलायचं की तुमची कुमरी माझ्यामुळे जळली. चार वर्षं तुम्ही ज्याला मुजरे घालताय त्याच्यामुळे. आजोबा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." नाव गेली. ते घरी आले.

शेवाळीला त्या दिवशी वाडी दुपारपर्यंत थांबली. पाहुणे थांबले. झिलू वाटेकडे तोंड करून उभा होता. सूर्य कलल्यावर नागूने विचारलं, "झिलू, येनार म्हनाला हुता न्हवं तुझा परशूअण्णा?"

"त्याला ताप आला असनार," झिलू म्हणाला. "ताप आल्याबिगर त्यो ऱ्हानार न्हाई."

नावेतल्या तिघांनी आजोबांना काठावर बघितलं होतं, पण ते झिलूशी बोलत नसत, म्हणून त्याला कुणी सांगितलं नाही. दिग्गीची माणसं उठली. झिलूच्या अंगणातली पानं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो सुप्याला आला. चार कोस चालून, पंच्यात किराइताची जुडी बांधून. तापावर त्याचा काढा करून देतात. आजोबा दुकानात गुळाची ढेप फोडत होते. झिलू पायरीवर थांबला. त्याने आजोबांकडे बघितलं, अंगावरच्या कोरड्या सदऱ्याकडे बघितलं, हातातल्या कोयत्याकडे बघितलं.

"बरा हाईस," तो म्हणाला.

आजोबांनी कोयता खाली ठेवला.

"त्या दिशी डोंगरावर सायब काय बोलला, अण्णा?"

चार वर्षांत त्याने पहिल्यांदा हे विचारलं होतं. आणि आजोबांनी सांगितलं. धारवाडच्या सोबत्याचं सांगितलं, कागदाचं सांगितलं, डेपोचं सांगितलं. शब्द मागितलाच नाही हे सांगितलं. पत्र गल्ल्याच्या खालच्या खणात आहे हेही सांगितलं. झिलूने सगळं ऐकून घेतलं. ओरडला नाही. आजोबा म्हणाले, त्याने एक तरी थोबाडीत द्यायला हवी होती, मी गाल पुढे करून उभा होतो. मी मनात म्हटलं, तेवढ्यात तुम्हाला सुटायचं होतं.

झिलू पायरीवर बसला. म्हणाला, "मंजी त्यानं घात केलाच न्हाई."

"नाही."

"चार वरसं मी त्याला खोटा म्हनलो. देवाम्होरं म्हनलो."

तो उठला. जुडी त्याने पंच्यात पुन्हा घट्ट बांधली. ती त्याने ठेवून दिली नाही. जाताना एवढंच म्हणाला, "मला तवाच सांगाय पायजे हुतंस, अण्णा. मी त्याच्याकडं त्यो कागद मागितला असता."

आजोबा त्याच्या मागे चार पावलं गेले. म्हणाले, मी आता येतो, आत्ता चल, सगळ्यांसमोर बोलतो. झिलूने मागे बघितलं नाही. दिग्गीच्या घराने दुसरी मुलगी बघितली. शिमग्याच्या आधी झिलू, फुला आणि पारू घाट उतरून गोव्याच्या हद्दीत गेली. तिकडे फिरंग्याचं राज्य. कुणी म्हणालं कुळ्याला रेल्वेत ओझी वाहतो, कुणी म्हणालं मिठागरात आहे. आजोबांना तो पुन्हा दिसला नाही. शेवाळीत त्यांनी काहीच सांगितलं नाही, झिलू गेल्यावरही नाही. डेपोतून ते मानाने निवृत्त झाले.

गोष्ट ऐकून मी त्यांना विचारलं, "साहेबाने दिला असता तो कागद?"

आजोबांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही.

"लगेच दिला असता," ते म्हणाले. "झिलूसमोर फाडून दिला असता. मॉर्टन तसा माणूस होता."